छप्पर उडालेली ग्रामपंचायत प्रशासकाच्या काळात पुन्हा कशी उभी करावी

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत पुढचे काही आठवडे वीज नव्हती. एवढं सगळ्यांना आठवतं. त्याच दिवसांत राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींची मुदत संपत होती, कोविडमुळे निवडणुका थांबल्या होत्या आणि सरकार अध्यादेश काढून ग्रामपंचायतींवर प्रशासक नेमत होतं, हे मात्र फारसं कुणी आठवत नाही. प्रशासक गावातला माणूस असावा की सरकारी अधिकारी, यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका अखेर जानेवारी २०२१ मध्ये झाल्या.

कोकणात हा योग पुन्हा पुन्हा येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेलं भात झोपवलं, तेव्हा विधानसभेचा निकाल लागला होता आणि सरकार बनत नव्हतं. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि मदतीचे दर राज्यपालांनी जाहीर केले : खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, फळबागेला १८,०००, तेही दोन हेक्टरपर्यंत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेली आणि काही महिन्यांतच दोन्ही नगरपरिषदांची मुदत संपून प्रशासक आले. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्याही प्रशासकांच्या हाती गेल्या. निवडणुका घ्या असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते मे २०२५ मध्ये.

म्हणजे वादळ येईल तेव्हा खुर्चीवर निवडून आलेला माणूस असेलच असं धरून चालू नका. पुढचं सगळं त्या परिस्थितीसाठी आहे : कार्यालयाचे पत्रे उडालेत, दप्तर भिजलंय, सरपंच माजी झालेत आणि प्रशासक म्हणून आलेल्या विस्तार अधिकाऱ्याकडे अशा आणखी पाच-सात ग्रामपंचायती आहेत. लेख ग्रामसेवकासाठी आहे, प्रशासकासाठी आहे आणि गावातल्या त्या चार जाणत्या माणसांसाठीही, जी अशा वेळी आपणहून पुढे येतात. (२०२४ मध्ये ग्रामसेवकाचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालं, तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. गाव अजून जुनंच म्हणतं, मीही तेच म्हणतो.)

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. लोक आधी छपराच्या मागे लागतात. छपराचा पैसा आज ना उद्या येतो. दप्तर, सही आणि ग्रामसभा या तीन गोष्टी पहिल्या पंधरा दिवसांत सावरल्या नाहीत, तर पुढे पाच वर्षं गाव त्याचे तंटे निस्तरत बसतं.

आधी सही कुणाची चालते ते कागदावर आणा

ग्रामपंचायतीचा पैसा दोन सह्यांनी हलतो, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. वित्त आयोगाचा निधी ऑनलाइन जातो, तिथे दोघांचं डिजिटल सही प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ते पेनड्राइव्हसारखं टोकन. मुदत संपली की सरपंचाचं टोकन निकामी. नव्या प्रशासकाच्या नावाचं टोकन मागवणं, पोर्टलवर नोंदवणं, वरच्या लॉगिनमधून मंजूर करून घेणं, बँकेत सहीचा नमुना बदलणं, यात निवांत काळातही आठवडे जातात. वादळानंतर तर इंटरनेटच नसतं.

म्हणून पहिल्याच दिवशी प्रशासकाच्या नेमणुकीच्या आदेशाच्या चार-पाच प्रती काढा. एक बँकेला, एक गटविकास अधिकाऱ्यांकडे टोकनच्या मागणीसोबत, एक महावितरणला, कारण पाण्याच्या पंपाच्या जोडणीचा पत्रव्यवहार सरपंचाच्या नावाने चालू असतो, आणि एक दप्तरात. गावात मोबाइलला रेंज नसेल तर टोकनचं काम तालुक्याला बसूनच उरकून घ्या. ग्रामसेवक दोन दिवस तालुक्याला अडकला म्हणून गावात कुरकुर होईल. होऊ द्या. ते दोन दिवस पुढचे दोन महिने वाचवतात.

दुसरी गोष्ट वरच्या पातळीवरची आहे, पण माहीत असलेली बरी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. जिल्हा परिषदेवर प्रशासक असला की ती लोकांची खुर्ची रिकामी राहते. गावाचं म्हणणं वर पोचवायची ठरलेली वाट तेवढी बंद होते. मग गावाने ठराव करून तो थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या आवकमध्ये टाकायचा आणि पोच घ्यायची. कुणा पुढाऱ्याच्या हातून ‘पाठवून’ दिलेल्या निवेदनाला आवक क्रमांक नसतो, आणि आवक क्रमांक नसलेला कागद सरकारी कचेरीत जन्मालाच आलेला नसतो.

तातडीच्या खरेदीचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम ५० खाली आपत्तीत निविदेशिवाय खरेदी करता येते, पण तो अधिकार प्राधिकरणाचा आहे, ग्रामपंचायतीचा नाही. ‘साहेबांनी फोनवर सांगितलं, लाव जेसीबी’ असं झालं तर जेसीबी लावा, रस्ता मोकळा झालाच पाहिजे. त्याच संध्याकाळी मात्र साहेबांना मेसेज करा : आपल्या आजच्या सूचनेनुसार अमुक रस्त्यावर जेसीबी लावला आहे, लेखी आदेश मिळावा. आणि एका साध्या वहीत तारीख, जागा, सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ, चालकाची सही. दोन वर्षांनी लेखापरीक्षक विचारतो तेव्हा साहेब बदललेले असतात.

दप्तर : पहिले तीन दिवस

भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत त्याहून लवकर. त्यामुळे हे काम पंचनाम्यांच्याही आधी सुरू व्हायला हवं, आणि त्याला शिपाई, संगणक परिचालक आणि गावातल्या दोन कॉलेजच्या मुली पुरतात.

कपाट उघडायच्या आधी फोटो काढा. मग दोन पंचांसमोर यादी : कुठलं रजिस्टर, कोणत्या सालाचं, कोरडं, ओलं की लगदा. ही यादी म्हणजेच दप्तराचा पंचनामा. ‘वादळात गेलं’ हे उत्तर पुढे फार सोयीचं होतं. जे वादळात गेलं नव्हतं तेही त्यात घालवलं जातं. पहिल्या दिवसाची सहीची यादी असली की तो रस्ता बंद.

सगळं एकदम वाचवता येत नाही, म्हणून क्रम ठरवा. आधी नमुना ८, म्हणजे कर आकारणीचं रजिस्टर, त्यातही सर्वांत जुनं. मग जन्म-मृत्यूची रजिस्टरं. मग ग्रामसभा आणि मासिक सभांची प्रोसिडिंग बुकं. मग रोकड वही आणि पावती पुस्तकं. वीज बिलं, परिपत्रकं, योजनांची छापील पत्रकं शेवटी, त्यांच्या प्रती वर असतातच.

ओलं रजिस्टर उन्हात ठेवू नका, पानं लाटांसारखी वाकतात आणि चिकटतात. इस्त्री तर मुळीच नको. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. रजिस्टर उभं करून पंख्यासारखं किंचित उघडा, दहा-पंधरा पानांमागे कोरा शोषक कागद किंवा वर्तमानपत्राचा काळा छपाईभाग घाला (रंगीत पानांची शाई उतरते), दर दोन-तीन तासांनी बदला. खोलीत वारा खेळता हवा. जनरेटर असेल तर टेबलपंखा लावा, रजिस्टरावर थेट नाही, भिंतीकडे तोंड करून. खाडीचं किंवा पुराचं गाळाचं पाणी लागलं असेल तर बंद रजिस्टर स्वच्छ गोड्या पाण्यात अलगद बुडवून गाळ जाऊ द्यावा. पण जुन्या टाक-दौतीच्या शाईचं लिखाण असेल तर हे करू नका. ती शाई पाण्याबरोबर जाते. बॉलपेनची टिकते.

एवढ्यात सगळं वाळणार नाही असं दिसलं तर एक मार्ग किनाऱ्यावर सहज मिळतो, आणि तो सुचतच नाही : गोठवणं. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, महिन्याभराने सावकाश एकेक काढून वाळवता येतं. रत्नागिरी-मिरकरवाड्याला, हर्णैला मासळीसाठी बर्फाची आणि शीतगृहाची सोय असते. रजिस्टर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, खोक्याला सील, यादी, प्रशासकाचा लेखी आदेश, शीतगृहाची पोच. सरकारी दप्तर कार्यालयाबाहेर जातंय, त्यामुळे कागद पक्का हवा. दप्तर सुरमईशेजारी ठेवलं म्हणून लोक हसतील, पण वाचेल.

संगणकात पाणी गेलं असेल तर ‘चालू होतो का बघू’ हा मोह आवरा. ओला संगणक चालू केला की हार्डडिस्क जाते. बंदच ठेवून जाणकाराकडे द्या.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचं पाणी शिरलं. नदीकाठच्या कुठल्याही कार्यालयाने यातून एवढंच घ्यावं : भिंतीवर पाण्याची खूण रंगवून ठेवा आणि दप्तराचा सर्वांत खालचा कप्पा त्या खुणेच्या वर घ्या.

पंचनामे : यादी गावाने आधी करावी

पंचनामा करतो तलाठी, सोबत ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक. पण एका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात, गावाच्या बारा वाड्या असतात, आणि डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत तो येईतो आठवडा उलटतो. तोवर लोक उडालेले पत्रे गोळा करून पुन्हा ठोकतात, कारण वर पाऊस असतो. मग पंचनाम्यात लिहिलं जातं ‘नुकसान दिसून आलं नाही’.

म्हणून वाडीवार दोन माणसं नेमून पहिल्याच दिवशी प्रत्येक घराचे तीन फोटो काढायचे. एक समोरून, घर क्रमांकाची पाटी दिसेल असा. एक आतून वर बघत, आकाश दिसेल असा. एक पडलेल्या भागाचा, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे अंदाज येतो. जागेची नोंद आणि तारीख फोटोवर उमटवणारं अ‍ॅप वापरा. मग खुशाल पत्रे ठोका.

निकष माहीत असले की भांडण कमी होतं. घराच्या अंशतः पडझडीला केंद्राच्या निकषात किमान १५ टक्के नुकसान लागतं, पिकाला ३३ टक्के. २०२२-२६ च्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. राज्य सरकार याच्यावर भर घालू शकतं. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि बागायतीला हेक्टरी ५० हजार दिले गेले.

हेक्टर हा शब्द कोकणात कसा फसवतो ते इथे बघा. दिवेआगरच्या वाडीत एखाद्याची दहा गुंठ्यांची बाग. त्यात नारळ, पोफळी, मध्ये मिरीचे वेल, जायफळ. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५००, दहा गुंठ्यांना ५,००० रुपये. आडवी पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा सरकारने पुढे झाडामागे मदत ठरवली, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. ज्यांच्या पंचनाम्यात झाडांची संख्या होती त्यांना हे सोपं गेलं. ज्यांच्या पंचनाम्यात नुसतं ‘०.१० हेक्टर, बाग’ असं होतं त्यांना ते सिद्ध करणं जड गेलं. तेव्हा निकष काहीही असो, पंचनाम्यात जात आणि नग लिहून घ्या. नारळ फळणारे इतके, रोपं इतकी, पोफळी इतक्या.

आणि सातबारा. एका सातबाऱ्यावर अठरा नावं, त्यांतली सात वारलेली, पाच मुंबईत, एक बडोद्याला. मदत कुणाच्या खात्यात? इतर खातेदारांचं संमतीपत्र मागितलं जातं आणि भाऊबंदकी जागी होते. संमतीपत्राचा एकच नमुना तयार करून मुंबई मंडळाकडे, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाकडे पाठवा, मंडळाच्या एखाद्या बैठकीत बऱ्याच सह्या एका दिवसात होतात. सोबत स्पष्ट वाक्य असू द्या : ही संमती फक्त अमुक आपत्तीच्या मदतीपुरती आहे, मालकी हक्काशी तिचा संबंध नाही. हे वाक्य नसलं तर मुंबईकर सही करत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

पाणी

हे थोडक्यात, पण चुकवू नका. पुरानंतर विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर, म्हणजे १४० ग्रॅम. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि बादली खालीवर करून पाणी ढवळायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणारी चाचणी. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा. पुराचं पाणी थेट विहिरीत शिरलं असेल तर आरोग्यसेवकाला विचारून मात्रा वाढवा. तारीख, विहीर, वजन, टेस्टचा निकाल वहीत. प्रशासकाच्या काळात गावाला ग्रामपंचायत रोज दिसते ती एवढ्याच कामात.

ग्रामसभा : ही बरखास्त होत नाही

ग्रामपंचायतीची मुदत संपते. ग्रामसभेची संपत नाही. ती गावातल्या सगळ्या मतदारांची सभा आहे, संविधानाच्या २४३-अ मध्ये तिचा उल्लेख आहे आणि प्रशासक असतानाही ती घ्यावीच लागते. बऱ्याच प्रशासकांना हे माहीत असतं, पण सभा म्हणजे कटकट वाटते. एकटा अधिकारी, समोर चिडलेलं गाव. मला उलट वाटतं. ग्रामसभा हीच प्रशासकाची ढाल आहे. यादी सभेत वाचली गेली, हरकती लिहिल्या गेल्या, तर ‘साहेबांनी आपल्या माणसांची नावं घातली’ हे म्हणायला जागा उरत नाही.

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. पावसात एवढी माणसं जमत नाहीत. मग सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पण त्याचा गैरफायदा घेऊ नका, चार डोकी जमवून मोठे ठराव करू नका. त्यापेक्षा आधी वाडीवार बैठका घ्या, बायकांची वेगळी, आणि त्यांचं म्हणणं लिहून मुख्य सभेत वाचा. दवंडी, देवळाच्या आणि मशिदीच्या फळ्यावर नोटीस, वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो. तिन्ही करा. वीज नसताना व्हॉट्सअ‍ॅप पोचत नाही आणि दवंडी खाडीपलीकडे ऐकू येत नाही.

या सभेत नुकसानीची यादी नावासकट, रकमेशिवाय, पूर्ण वाचा. हरकती जागेवरच लिहून घ्या. ‘बघतो’ म्हणू नका, हरकतीला क्रमांक द्या. कुणाचं नाव का बसत नाही तेही निकषासह लिहा. यातली सर्वांत त्रासाची हरकत असते ती कुळाच्या किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची, कातकरी वाडीतल्या झोपड्यांची, नमुना ८ ला ज्यांची नोंदच नाही त्यांची. ही माणसं सभेत शेवटच्या रांगेत बसतात आणि बोलत नाहीत. त्यांची यादी ग्रामसेवकाने स्वतः जाऊन करायची.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. निवडून आलेली पंचायत नसते तेव्हा गावकी, म्हणजे गावातल्या जुन्या-जाणत्या पुरुषांची परंपरेने चालत आलेली बैठक, पुढे येते. काम करते, हे मान्य. रस्त्यावरची झाडं तोडणं, मुंबईहून ताडपत्र्या मागवणं, देवळात जेवण चालवणं, हे गावकीइतकं वेगाने कुणी करत नाही. पण गावकीत बायका नसतात, काही वाड्या नसतात, आणि वर्गणी न देणाऱ्याला मदतीतून वगळायची सवय काही गावांत अजून आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तो करण्यामागे रायगडातल्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर होत्या. तेव्हा नियम साधा ठेवा : गावकीने आपल्या पैशाने काय वाटायचं ते गावकीने ठरवावं, सरकारी मदतीची यादी मात्र फक्त ग्रामसभेत ठरेल. गावकीच्या पुढाऱ्यांना हे सभेआधी घरी जाऊन सांगा, सभेत नको.

हरवलेला नमुना ८ पुन्हा तयार करणं

रजिस्टर लगदा झालं असेल तर ते पुन्हा उभं करायला तीन महिने धरा. घाई करणारा हमखास फसतो, कारण नेमक्या याच वेळी गावातला एखादा हुशार माणूस सामाईक घर आपल्या एकट्याच्या नावावर चढवायला येतो.

आधी प्रती शोधा. पंचायत समितीत, जुन्या लेखापरीक्षण अहवालात, संगणकावरच्या नोंदींत, घरकुल योजनेच्या फायलींत. मग लोकांकडे. कोकणातला माणूस घरपट्टीची पावती टाकत नाही, ती पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या काळापासून असते. पावतीवर मालमत्ता क्रमांक आणि नाव असतं. वीज बिल हा दुसरा धागा, मतदार यादीतला घर क्रमांक तिसरा. ज्या गावठाणात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली आहे तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड आहेच.

मग कच्ची यादी. जिथे पुरावे जुळतात तिथे जुनी नोंद जशीच्या तशी. जिथे जुळत नाहीत तिथे शेवटची सापडलेली नोंद कायम, शेऱ्यात ‘वादग्रस्त’. वारस नोंद, खरेदी, वाटप असला कुठलाही बदल या फेरीत घ्यायचा नाही. त्याचा अर्ज वेगळा, नंतर. हा नियम सभेत आधीच जाहीर करा आणि सगळ्यांना सारखा लावा, माजी सरपंचालाही. यादी फळ्यावर, हरकतींना नियमातली पूर्ण मुदत, मुंबईकरांसाठी मंडळाकडे प्रत, आणि शक्य असेल तर हरकतींची शेवटची तारीख गणपतीच्या सुट्टीनंतरची. सगळे चाकरमानी एकदमच गावात सापडतात ते तेव्हाच.

लोकांना हेही समजावून सांगा की नमुना ८ कर आकारणीसाठी आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. अर्धे तंटे ही गोष्ट कळल्यावर थंड होतात.

मृत्यूची नोंद

ग्रामसेवक हाच गावाचा जन्म-मृत्यू निबंधक. नोंद २१ दिवसांत झाली तर विनाशुल्क, ३० दिवसांनंतर परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आपत्तीत घरच्यांना भान नसतं, म्हणून नोंदीसाठी निबंधकाने त्यांच्याकडे जायचं. बेपत्ता माणसाचा प्रश्न अवघड आहे. एरवी मृत्यू गृहीत धरायला सात वर्षं जावी लागतात. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी, दोन्हीकडे शोध थांबवावा लागला तेव्हा ढिगाऱ्याखालची कित्येक माणसं मिळालेली नव्हती. अशा वेळी शासन वेगळी कार्यपद्धती ठरवतं आणि त्याचा आधार असतो पोलिसांकडची बेपत्ताची तक्रार. ती पहिल्या आठवड्यात नोंदवून घ्या, कुटुंबात कुणीच उरलं नसेल तर नातेवाइकाकडून. त्या कागदावर पुढे मदत, वारस नोंद, मुलांचं पालकत्व सगळं उभं राहतं.

पैसा आणि मधेच लागलेली आचारसंहिता

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा अनुभव सगळ्या जिल्ह्यांना आहे : निवडून आलेली संस्था नसेल तर केंद्राचा निधी अडतो. त्या निधीची विभागणी होती ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० टक्के. वरच्या दोघांवर प्रशासक असताना त्यांचा वाटा थांबला. म्हणजे मोठी दुरुस्ती वरच्या निधीत बसवायचा विचार असेल तर आधी तो निधी येतोय का ते विचारा. मिळणारा पैसाही सगळा मोकळा नसतो, पंधराव्या आयोगात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. पंपघर, टाकी, पाइपलाइन त्यात बसवा आणि कार्यालयाच्या छपरासाठी मोकळा भाग ठेवा. घरपट्टी वसुली त्या वर्षी पडणारच. सक्ती करू नका, पण जो भरायला येतो त्याला ‘नंतर या’ म्हणून परत पाठवू नका, पावती पुस्तक बाहेर ठेवा.

निवडणूक जाहीर झाली की बरेच अधिकारी सगळंच थांबवतात. त्याची गरज नसते. सुरू झालेलं काम चालू राहतं, पंचनामे चालू राहतात, मंजूर मदत खात्यात जमा होते. नवीन काम, नवीन घोषणा, नेत्याच्या हस्ते ताडपत्री वाटप बंद. म्हणून आचारसंहिता लागायच्या दिवशी कुठलं काम सुरू होतं याचा फोटो आणि कार्यारंभ आदेश फायलीत असू द्या. मदतीच्या याद्यांवर, पिशव्यांवर, टँकरवर कुणाचं नाव किंवा चिन्ह असेल तर ते काढा. आणि मतदार यादीकडे नजर ठेवा. निवारा केंद्रात किंवा मुंबईला लेकाकडे गेलेल्या माणसाचं नाव ‘स्थलांतरित’ म्हणून गळण्याची शक्यता असते. प्रारूप यादी आली की आपद्ग्रस्तांची नावं एकेक तपासा.

नव्या पंचायतीला चार्ज देताना

नवा सरपंच पहिल्या सभेत हमखास दोन प्रश्न विचारतो : पैसे किती आणि आमच्या वाडीचं नाव का नाही? चार्ज यादी त्या प्रश्नांची उत्तरं देणारी हवी. शिल्लक रक्कम खात्यानुसार, अर्धवट कामं आणि त्यांची देणी, जेसीबीची वही आणि न मिळालेले लेखी आदेश, प्रलंबित हरकती क्रमांकासह, नमुना ८ मधल्या ‘वादग्रस्त’ नोंदी, दप्तराच्या पंचनाम्याची प्रत, शीतगृहात काही उरलं असेल तर त्याची पोच. प्रशासकाने एकट्याने घेतलेले निर्णय वेगळ्या कागदावर, प्रत्येकापुढे कारण एका ओळीत. नव्या पंचायतीला ते पटले नाहीत तर तिने ठराव करून बदलावेत, तो तिचा अधिकार आहे. फक्त मदतीची ग्रामसभेने मंजूर केलेली यादी मासिक सभेत बदलता येणार नाही, हे चार्ज यादीत लिहून त्यावर सरपंच आणि उपसरपंच दोघांची सही घ्या.

उरलेल्या ताडपत्र्या, टॉर्च, दोरखंड, करवती जडवस्तू नोंदवहीत चढवा आणि कुणाच्या ताब्यात आहेत ते नावानिशी लिहा. जनरेटर बहुधा कुणाच्या तरी गणपतीला गेलेला असतो, तो चार्जच्या दिवसाआधी परत मागवा.